आत्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं

आत्या,

परवा तुम्हाला पडद्यावर पाहिलं. जुने मराठी चित्रपट शोधून दाखवणारी काही तरुण मंडळी दादरला आहेत. त्यांनी माझा पहिला चित्रपट कुठल्याशा गोदामातून मिळवला, स्वच्छ करून घेतला आणि मला घरी गाडी पाठवून नेलं. मी पुढच्या रांगेत बसले होते, गुडघ्यांवर शाल घेऊन. पहिली वीस मिनिटं पडद्यावरची ती मुलगी माझी कुणी लागते असं वाटेचना. मग बाजाराचा प्रसंग आला. सुकी मासळी मांडून बसलेल्या बायकांच्या ओळीत तुम्ही दिसलात, आणि आता काय होणार ते मला ठाऊक असल्यामुळे मी आधीच हसायला लागले. शेजारच्या मुलीने घाबरून विचारलं, "आजी, पाणी आणू का?"

घरी आल्यावर वही काढली. तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. एका खोलीत राहणाऱ्या सासूसुनेला पत्राची गरज कुठे असते? पुढे मी चित्रीकरणासाठी बाहेरगावी जायला लागले तेव्हाही पत्र ह्यांच्या नावाने असायचं आणि शेवटी एक ओळ, आत्यांना नमस्कार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्हाला काय म्हणू. तुम्ही सुरणाच्या फोडी करत होतात. वर न बघता म्हणालात, "आवस तुका एक आसा. दुसरी कित्याक होई? आत्या म्हण." आई एक आहे, दुसरी कशाला हवी, हे मला त्या वेळी जरा तोडून बोलल्यासारखं वाटलं होतं.

लालबागच्या त्या चाळीत मी आले तेव्हा अठरा वर्षांची होते. घरात चार माणसं. तुम्ही मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या मशीनवर, तुमचा मुलगा शिवडीच्या गोदामात कारकून, वन्सं शाळेच्या शेवटच्या वर्गात, आणि मी. मी गिरगावातली. आमच्या समोरच्या इमारतीत नृत्याचा एक वर्ग चालायचा आणि मी खिडकीतून बघून बघून शिकले होते. घरात पाय वाजवायची सोय नव्हती, कारण वडील छापखान्याची प्रुफं घरी आणून वाचत आणि त्यांना टाचणी पडलेली खपत नसे. त्यामुळे माझं सगळं नाचणं मुक्याने. तुमच्या घरी सकाळी सगळे बाहेर पडले की पहिल्यांदाच मला रिकामी खोली मिळायची. दार लोटून घ्यायचं, पदर खोचायचा आणि चूल ते मोरी एवढ्या जागेत नाचायचं. मोरीपाशी वळताना बादलीला पाय लागू नये म्हणून मी एक छोटीशी उडी घ्यायची. पुढे त्या उडीचं लोकांनी फार कौतुक केलं. बादलीचं मी कुणाला सांगितलं नाही.

तो दिवस हरताळाचा. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून मिल बंद पडल्या होत्या, चाळ सभेला गेली होती, जिन्यात चिटपाखरू नाही. मी भात चढवलाय आणि नाचतेय. डोळे मिटलेले आहेत. गिरकी घेऊन उघडते तर दारात तुम्ही, चपला हातात घेऊन उभ्या. किती वेळ उभ्या होतात देव जाणे. मला वाटतं, आता संपलं, आता माहेरी निरोप जाणार.

"भात करपलो," तुम्ही म्हणालात.

मी धावत जाऊन पातेलं उतरवलं, हात भाजून घेतला. तुम्ही चपला जागेवर ठेवल्या, हातपाय धुतले, पिठाच्या डब्यावर बसलात आणि म्हणालात, "आणि डावो पाय मागे रवता तुझो."

मला कळेचना. तुम्ही समजावून सांगितलंत. इतकी वर्षं मशीनपुढे उभ्या आहात, सुताच्या शंभर चात्या फिरत असतात, त्यातली एक जरी मागे पडली तरी न बघता तुम्हाला ऐकू येतं. तसा माझा डावा पाय ऐकू आला. मी माझ्या पायांचा आवाज जन्मात कधी कान देऊन ऐकला नव्हता, आत्या. चुकतोय हे मला कळणार तरी कसं? "परत कर," तुम्ही म्हणालात. करपलेल्या भाताच्या वासात मी सासूपुढे नाचले. तुम्ही डोळे मिटून डब्यावर तळहाताने ठेका धरला होता आणि मधूनमधून म्हणत होतात, "नाय. नाय. आता. नाय." संध्याकाळी ह्यांनी ताटात बघून विचारलं, भात असा का? तुम्ही म्हणालात, "माका सभेतून येवक उशीर झालो." भात तुम्ही चढवलाच नव्हता. मी मान खाली घालून जेवले आणि मनात गिरकी घेतली.

आरसा त्यानंतर महिन्याभराने आला. तुमच्या खात्यातल्या कुणी बाईने सांगितलं की परळला एका जुन्या कपाटाचा आरसा विकायला आहे, माणसाच्या उंचीचा. तुम्ही मिलची पाळी सुटल्यावर पाच जणींना घेऊन गेलात आणि तो आरसा सहा बायकांनी भररस्त्यातून उचलून आणला. मी गॅलरीतून बघतेय: नऊवारी नेसलेल्या सहा बायका, केसांत कापसाचा भुरा, आणि त्यांच्या मधून ट्रामच्या तारा, दुकानांच्या पाट्या, आभाळाचा तुकडा असं सगळं हलत हलत चाललंय. आपल्या भागातली संचारबंदी उठून फार दिवस झाले नव्हते. कोपऱ्यावर एक पोलीस उभा होता. त्याच्यासमोर आरसा आल्यावर त्याने सवयीने टोपी सरळ केली, आणि सहाही जणी इतक्या हसल्या की आरसा रस्त्यावर टेकवावा लागला.

खोलीत मात्र तो उभा मावेना. वर फळी, खाली पेटी. शेवटी तुम्ही तो भिंतीशी आडवा ठेवलात. मी म्हटलं, आत्या, ह्यात माझे नुसते गुडघ्यापर्यंतचे पाय दिसतात. तुम्ही म्हणालात, "मग? तोंड बघूक शेजारणी आसत." दोन वर्षं मी त्या आरशात माझे पाय बघितले. डावा पाय वेळेवर यायला लागला तो तिथे.

ते दिवस सोपे नव्हते. गोळीबारात आपल्या शेजारच्या चाळीतला एक तरुण गेला होता. त्याची आई पुढे कितीतरी दिवस त्याच्या पाळीच्या वेळेला डबा भरायची. तुम्ही तिच्याकडे जाऊन बसायचात. पण तुम्हाला हसवणारंही काही हवं असायचं, आणि ते आपल्याकडे मिलमधल्या माणसांचं एक कलापथक करायचं. त्यांचं एक वगनाट्य होतं. त्यात मुंबई म्हणजे एक लग्नाची मुलगी, तिला मागणी घालायला पैसेवाले येतात आणि ती एकेकाची फजिती करते. मुंबईचं काम एक लोहार खात्यातला तरुण लुगडं नेसून झकास करायचा. तो सत्याग्रहात पकडला गेला आणि मुंबई तुरुंगात जाऊन बसली. तुम्ही मिलच्या दारात कलापथकाच्या म्होरक्याला गाठून सांगितलंत, "माझी सून नाचता." मला नंतर कळवलंत.

ह्यांचा चेहरा पडला. "आई, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतले? चांगली नाचली तर टाळ्ये वाजवतले."

"आणि नाही नाचली तर?"

"तर तू वाजव."

परळच्या मैदानात टेबलं जोडून रंगमंच केला होता. मी चढले आणि समोर एवढी माणसं बघून माझं पहिलं वाक्यच गेलं. ढोलकीवाला, म्युनिसिपालिटीच्या शाळेतला एक मास्तर होता तो, तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवतोय आणि मी उभी. तेवढ्यात बाजूच्या कनातीमागून टेबलावर थाप पडली. तुमचा तळहात. मी ओळखला. डावा पाय आधी उचलला आणि मग मला काही आठवायची गरज पडली नाही. टेबलं पोकळ होती, पाय पडला की धाड्‌कन वाजायचं, आणि तो आवाज माझा होता. मैदान ठेका धरून टाळ्या देत होतं. शेवटच्या पैसेवाल्याला मी ढकलून दिलं तेव्हा वाइंडिंग खात्याच्या बायकांनी शिट्या मारल्या. बायकांच्या शिट्या मी पहिल्यांदा ऐकल्या. हे मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि तुम्ही म्हणाला होतात त्या कारणाने नव्हे.

त्या गर्दीत एक चित्रपट दिग्दर्शक होता. आठवड्याने तो चाळीचे तीन मजले चढून आला आणि धापा टाकत पेटीवर बसला. त्याने माझ्याकडे चित्रपटाचं विचारलं आणि तुम्ही त्याची चौकशी सुरू केलीत. शूटिंग किती वाजता सुटतं? तिथे बायकांना बसायला जागा आहे का? नाचायची जमीन कसली आहे, सिमेंटची असेल तर गुडघे जातात. तो बिचारा सगळ्याची उत्तरं देत होता. शेवटी तुम्ही म्हणालात, "रजा काढून हिच्याबरोबर मी येतलंय." तो म्हणाला, "या की." त्याला काय ठाऊक.

नेमकं त्याच वेळी वन्संचं स्थळ आलं होतं. दादरचं घर, मुलगा बँकेत, आपल्यापेक्षा बरी परिस्थिती. सगळं जुळत आलं होतं आणि बैठकीला मुलाचे वडील पान लावता लावता म्हणाले, "सूनबाई सिनेमात जाणार म्हणे. लग्नाआधी ते थांबलं तर बरं दिसेल." तुम्ही म्हणालात, कळवते. मी वाटेत ठरवून टाकलं होतं. घरात पाऊल ठेवल्याबरोबर म्हटलं, "आत्या, मी नाही जाणार सिनेमात. वन्संचं होऊ दे."

तुम्ही माझ्यावर तेवढं एकदाच ओरडलात. "इतकी थोर होव नको गो! उद्या नाच सुटलो म्हणान तुझ्या मनात तिचा नाव येतला, तेव्हा काय करतलंस?" मग वन्संकडे वळलात. "तुका तो आवडलो काय?"

"ठीक आहे," वन्सं म्हणाल्या.

"भाजी ठीक आसता. माणूस आवडलो काय?"

वन्संनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "आई, मी त्याला दोन गोष्टी विचारल्या आणि दोन्ही वेळा त्याने वडिलांकडे बघितलं." आणि त्यांना हसू फुटलं. मग मला फुटलं. तुम्ही हसू दाबायला मोरीत गेलात. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर, घरी न येता, कापसाच्या भुऱ्यासकट दादरला जाऊन तुम्ही नकार सांगून आलात. दोन दिवस हे तुमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं झालं. मलाही तो माणूस खटकलाच होता." वन्सं पुढे त्या ढोलकीवाल्या मास्तरांशी लग्न करून वरळीला गेल्या आणि अजून तिथेच आहेत, नव्वदीला टेकल्या तरी मला फोन करून दटावतात. मास्तरांना काही विचारलं की ते वन्संकडे बघायचे, ही गोष्ट वेगळी.

स्टुडिओत पहिल्या दिवशी मी पुन्हा गोठले. गाणं एका डब्यातून वाजणार, समोर माणसं नाहीत, दिवे तेवढे आहेत. चार वेळा चुकले. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून सरळ त्याच्यासमोर गेलात. "जमीन बदला."

"बाई, जमिनीचं काय?"

"वाजणा नाय. तिका पाय आयकाक येणत नाय."

कॅमेरामन हसला, पण दिग्दर्शक शहाणा माणूस होता. त्याने फळ्या टाकून घेतल्या. पाचव्या वेळी नाच एका दमात झाला. त्यानंतर त्याने तुम्हाला कोपऱ्यात बसू दिलं नाही. बाजाराच्या प्रसंगात मासळीवाली म्हणून बसवलं आणि तुम्हा सगळ्या बायकांना बजावलं, काहीही करा, फक्त कॅमेऱ्यात बघू नका. मी बाजारातून नाचत येते, तुमच्यासमोर गिरकी घेते आणि निघून जाते, एवढाच तो तुकडा. तुम्ही मासळी विसरून माझा डावा पाय बघत होतात. गिरकी नीट पडली. तुमचं समाधान झालं, आणि तुम्ही मान वर करून कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकाला मानेनेच सांगितलंत, बरोबर आहे.

ते त्याच्या लक्षात आलं फिल्मच्या कापाकापीच्या वेळी. पण माझा सर्वांत चांगला नाच त्याच तुकड्यात होता, म्हणून त्याने तो राहू दिला. लालबागच्या थिएटरात रविवारी दुपारच्या खेळाला वाइंडिंग खात्याने दोन रांगा भरल्या होत्या. माझ्या नाचाला टाळ्या पडल्या, शिट्या पडल्या. आणि मग ती मासळीवाली पडद्यातून सरळ सगळ्यांकडे बघून मान हलवते, पास केल्यासारखी. अख्खं थिएटर कोसळलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तुमच्या शेजारची बाई ओरडली, "अगो, तू माझ्याकडेच बघितलंस!" पुढच्या खेळांना माणसं त्या एका क्षणासाठी येत. परवा दादरला आजच्या पोरांनीही तिथेच टाळ्या वाजवल्या.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीच्या पटांगणात साखर वाटत होते. तुम्ही माझे हात धरलेत आणि फुगडी सुरू केलीत. तुमचं वय, तुमचं अंग, आणि तो वेग! मला पाय टेकवत नव्हते. बाकीच्या बायका थकून बसल्या आणि तुम्ही पुढचीला ओढत होतात. दिग्दर्शक साखर घेऊन आला होता. हातातली पुडी तशीच धरून तो बघत राहिला.

पुढचं सगळं तुम्ही पाहिलंतच. पस्तीस चित्रपट केले, थोडे हिंदीतही. गणपतीत पोरी माझ्यासारख्या गिरक्या घ्यायच्या, गिरगावात वडिलांच्या खिडकीसमोर माझं पोस्टर लागलं आणि त्यांनी प्रुफं वाचायची जागा बदलली नाही. दादरला घर झालं. तुम्ही मात्र निवृत्त होईपर्यंत मिलला जात राहिलात. म्हणायचात, घरी बसून माका झोप येता. बरीचशी वर्षं आपण हसत काढली, आत्या. परवापासून आठवतंय ते बहुतेक हसूच आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. माझ्या दुसऱ्या चित्रपटात फुगडी घालणारी एक आत्या होती, आठवते? नायिकेला नाच शिकवणारी, दोन गाणी, भरपूर संवाद. आपण तो गिरगावात एकत्र पाहिला. अंधारात तुम्ही माझ्याकडे वाकून म्हणालात, "ह्या बाईक फुगडी येणा नाय." मी म्हटलं, "हो ना, आत्या." ती भूमिका दिग्दर्शकाने तुमच्यासाठी लिहिली होती. तुम्हाला विचारायला त्याने मला सांगितलं. लालबागच्या थिएटरात माणसं कुणासाठी खुर्च्यांवर उभी राहिली ते मी पाहिलं होतं. मी त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की आत्यांना मिलमधून रजा मिळत नाही. तुम्हाला मी विचारलंच नाही.